हवेतला धंदा, जमिनीवरची देणी

मार्च २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने व्होडाफोन आयडियाला कळवले की, थकबाकीपैकी ३६,९५० कोटी रुपये आम्ही रोख मागत नाही, त्याबदली समभाग द्या. समभाग दहा रुपये भावाने दिले गेले. त्या दिवसांत बाजारात तोच समभाग सात रुपयांच्या आसपास मिळत होता. दर्शनी किमतीच्या खाली नवे समभाग देता येत नाहीत, असा कंपनी कायदा आहे. म्हणून सरकारने सात रुपयांची वस्तू दहाला घेतली. या व्यवहाराने सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर गेला. तो ५१ टक्के झाला असता तर कायद्याने ही सरकारी कंपनी ठरली असती. तेवढे टाळून सरकार उंबरठ्यावर थांबले.

आता या कंपनीच्या दृष्टीने सरकार कोण कोण आहे ते पाहा. ज्या रेडिओलहरींवर तिचा धंदा चालतो त्या विकणारे सरकार. परवाना देणारे सरकार. उत्पन्नात वाटा घेणारे सरकार. वाटा कमी दिला म्हणून न्यायालयात वीस वर्षे झगडणारे सरकार. बीएसएनएलच्या रूपाने त्याच बाजारात सिमकार्ड विकणारेही सरकार. आणि आता सर्वांत मोठा भागधारकही तेच.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात कंपनीच्या परिस्थितीचे विश्लेषण करायला एक तक्ता शिकवतात: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, पर्यावरणीय, कायदेशीर असे सहा रकाने. हार्वर्डच्या मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये दुसरी चौकट दिली: प्रतिस्पर्धी, नवे येणारे, पर्यायी वस्तू, पुरवठादार आणि ग्राहक या पाच बाजूंनी धंद्यावर किती दाब येतो ते मोजायचे. साबण किंवा बिस्किटांच्या कंपनीसाठी हे तक्ते बरे चालतात. भारतातल्या मोबाइल कंपनीला ते लावले, की सहापैकी निदान चार रकान्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा लिहावे लागते. माझे म्हणणे असे, की व्होडाफोन आयडियाची गोष्ट स्पर्धेत हरलेल्या कंपनीची म्हणून सांगितली जाते, ती अर्धीच खरी आहे.

गोष्टीची दोन्ही मुळे आपल्याकडची आहेत. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर मुंबईत दोन खासगी परवाने मिळाले, एक बीपीएलला आणि दुसरा हचिसन मॅक्सला. बीपीएलचे पुढे लूप झाले आणि परवान्याची मुदत संपताच २०१४ मध्ये ते दुकान बंद पडले. हचिसन मॅक्सने मॅक्स टच, ऑरेंज, हच अशी नावे बदलली. जुन्या मुंबईकराच्या खिशातला नंबर तोच राहिला, वरचे नाव बदलत गेले. २००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने हचिसनचा ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला. दुसरे मूळ बिर्लांचे. अमेरिकेच्या एटी अँड टीबरोबर भागीदारी करून बिर्लांनी महाराष्ट्र आणि गुजरात या मंडळांत सेवा सुरू केली. पुढे टाटांचे आंध्र आणि आरपीजीचे मध्य प्रदेश त्यात आले, २००२ मध्ये ‘आयडिया’ हे नाव लागले. एटी अँड टी आणि टाटा दोघेही यथावकाश बाहेर पडले, बिर्ला राहिले. मुंबई हे वेगळे मंडळ आणि ‘महाराष्ट्र व गोवा’ हे वेगळे, ही दूरसंचार खात्याची वाटणी आजही तशीच आहे. त्यामुळे ठाण्यापलीकडच्या माणसाला आयडिया आपली वाटायची आणि दादरच्या माणसाला हच.

सुरुवातीच्या परवान्यांसाठी कंपन्यांनी भरमसाट बोली लावल्या होत्या. मिनिटाला सोळा रुपये द्यायला ग्राहक तयार होईल आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे देईल, या हिशेबावर त्या बोली होत्या. ग्राहक आले नाहीत आणि ठरावीक शुल्क भरणे जड जाऊ लागले. १९९९ च्या नव्या धोरणाने सुटका केली. ठरावीक शुल्क बंद झाले, त्याऐवजी उत्पन्नाचा काही टक्के वाटा सरकारला द्यायचा ठरले. आधी १५ टक्के, मग टप्प्याटप्प्याने उतरत ८ टक्के. कंपन्यांनी हे आनंदाने स्वीकारले, आणि त्या वेळच्या मानाने ते योग्यच होते. त्याशिवाय स्वस्त मोबाइल भारतात आलाच नसता. पण ‘उत्पन्न’ म्हणजे नेमके काय, हे त्या करारात जसे लिहिले होते, त्यात पुढच्या वीस वर्षांचे भांडण पेरले गेले होते.

बाजारातला एखादा गाळेवाला विक्रीतला आठवा वाटा मालकाला देत असेल, आणि एक दिवस मालक म्हणाला की तू रद्दी विकलीस, बँकेतल्या ठेवीवर व्याज घेतलेस, पोटभाडेकरू ठेवलास, त्यातही माझा आठवा वाटा आहे, तर जे होईल तेच इथे झाले. दूरसंचार खात्याच्या मते समायोजित एकूण उत्पन्नात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एजीआर’मध्ये, भाडे, व्याज, लाभांश, मालमत्ता विकून झालेला नफा, सगळेच येते. कंपन्यांच्या मते फक्त दूरध्वनी सेवेचे उत्पन्न येते. खटला लवाद, उच्च न्यायालये आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात फिरत राहिला. दोन्ही बाजूंनी निकाल लागत गेले. कंपन्या आपल्या व्याख्येप्रमाणे पैसे भरत राहिल्या.

दरम्यान कच्चा माल महाग होत चालला होता. हा धंदा रेडिओलहरींवर चालतो आणि सगळ्या लहरी सारख्या नसतात. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांब जातात, भिंती भेदतात, डोंगराआडही थोड्या वळतात. कोकणातल्या वाडीला किंवा सह्याद्रीतल्या घाटाला एका मनोऱ्यात जास्तीत जास्त झाकायचे तर याच लहरी लागतात. उलट ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती भरपूर वाहतात, पण जवळच विरतात; त्या शहरातल्या गर्दीच्या. आयडियाकडे महाराष्ट्रासह जुन्या मंडळांत ९०० च्या लहरी होत्या, परवान्याबरोबर मिळालेल्या. वीस वर्षांची मुदत संपत आली, तसे २०१५ च्या लिलावात त्याच लहरी पुन्हा विकत घ्याव्या लागल्या. घेतल्या नाहीत तर त्या मंडळांतला धंदाच बुडणार. सरकारला त्या लिलावात एक लाख नऊ हजार कोटींच्या बोली मिळाल्या आणि त्यातल्या सुमारे तीस हजार कोटींच्या एकट्या आयडियाच्या होत्या. पुरवठादार एकच असतो आणि त्याच्याकडचा माल घेतल्याशिवाय दुकान उघडत नाही, तेव्हा पोर्टरच्या चौकटीतला ‘पुरवठादाराचा दाब’ म्हणजे काय, हे इतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. या लहरींचे बहुतेक पैसे हप्त्याने द्यायचे होते. म्हणजे कर्जही पुरवठादाराचेच.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले. ते स्वस्त होते आणि पहिले सात महिने जवळजवळ फुकट होते, हे सगळ्यांना आठवते. त्याहून महत्त्वाचे कारण त्याच्या रचनेत होते. जुन्या कंपन्या २जी, ३जी आणि ४जी अशी तीन जाळी एकाच वेळी सांभाळत होत्या. प्रत्येकाची यंत्रे वेगळी, वीज वेगळी, लहरींचे तुकडे वेगळे. जिओने फक्त ४जी उभारले. त्यात बोलणे ही सुद्धा इंटरनेटवरून जाणारी माहितीच, त्यामुळे बोलण्याचे वेगळे पैसे लावायची गरज उरली नाही. आयडियाचा गल्ला मात्र बोलण्यावरच भरत होता. तिचे बळ खेड्यातल्या, साध्या हँडसेटवाल्या ग्राहकांत होते आणि २०१७ मध्ये जिओने पंधराशे रुपये परतफेडीच्या ठेवीवर जिओफोन आणला तो नेमका या ग्राहकासाठी. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या जाळ्यावर घेण्याचा मोबदला मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला. जिओचे ग्राहक बाहेर भरपूर फोन करत होते आणि त्याचे पैसे जुन्या कंपन्यांना मिळत होते. ते एका आदेशाने निम्म्याहून कमी झाले. तत्त्व म्हणून तो निर्णय समर्थनीय होता. वेळ मात्र जुन्यांना मारक होती.

रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो हे एकेक करून गेले. व्होडाफोन इंडिया आणि आयडियाने एकत्र यायचे ठरवले. घोषणा मार्च २०१७ ची, विलीनीकरण पूर्ण झाले ३१ ऑगस्ट २०१८ ला. त्या दिवशी जवळपास ४१ कोटी ग्राहकांची ही देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. इथे कंपनीच्या स्वतःच्या चुका मोजायला हव्यात, सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. विलीनीकरणाला सतरा महिने लागले, दोन्ही जाळी जोडायला आणखी दोन वर्षे. तोवर दोन नावांची दोन दुकाने चालू होती. ‘व्हीआय’ हे एकच नाव आले सप्टेंबर २०२० मध्ये. या काळात ४जीचे जाळे वाढवायचे ते पैसे जोडाजोडीत गेले. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर होती आणि ड्युअल सिमचे फोन घरोघर होते, म्हणजे निघून जायला ग्राहकाला कष्ट शून्य. एक एसएमएस पाठवला की कोड मिळे, तो नव्या कंपनीला द्यायचा.

तरीही कंपनी सावरली असती, असे मला वाटते, आणि त्याला एक कारण आहे. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत दोन कंपन्यांनी विद्यमान भागधारकांकडून भांडवल उभे केले. व्होडाफोन आयडियाने २५,००० कोटी आणि एअरटेलनेही २५,००० कोटी. एकाच उन्हाळ्यात, एवढीच रक्कम. सहा महिन्यांनी, २४ ऑक्टोबर २०१९ ला, एजीआरचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार खात्याची व्याख्या मान्य केली.

त्या निकालातला आकड्यांचा भाग जरा नीट पाहण्यासारखा आहे. खात्याच्या प्रतिज्ञापत्रानुसार सगळ्या कंपन्यांचे मिळून परवाना शुल्काचे येणे ९२,६४२ कोटी रुपये होते. त्यात मूळ मुद्दल फक्त २३,१८९ कोटी. व्याज ४१,६५० कोटी, दंड १०,९२३ कोटी आणि दंडावरचे व्याज १६,८७८ कोटी. म्हणजे चौदा-पंधरा वर्षे ज्याच्या अर्थावर खुद्द न्यायालयांतही एकमत नव्हते, त्या शब्दासाठी मुद्दलाच्या तिप्पट व्याज आणि दंड. व्होडाफोन आयडियाच्या नावावर पुढे खात्याने ५८,२५४ कोटी काढले. कंपनीचा स्वतःचा हिशेब २१,५३३ कोटींचा होता. या देण्यापोटी जुलै-सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत कंपनीने ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. तोवर कुठल्याही भारतीय कंपनीला एका तिमाहीत एवढा तोटा झालेला नव्हता. व्याख्या किती लांब ताणली गेली, याचा पुरावा म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या सरकारी ‘गेल’कडेही १.७२ लाख कोटींची मागणी गेली होती. ती पुढे खात्याने मागे घेतली. खासगी कंपन्यांची घेतली नाही.

एअरटेलवरही ४३,९८० कोटींची मागणी होती. मग ती कशी वाचली? उत्तर तिच्या आधीच्या वीस वर्षांत आहे. सिंगापूरची सिंगटेल २००० पासून तिची भागीदार आहे. २००४ मध्ये तिने जाळे सांभाळायचे काम एरिक्सनला आणि संगणकांचे काम आयबीएमला देऊन टाकले, तेव्हा लोक हसले होते. नंतर जगभरच्या कंपन्यांनी तेच केले. २०१० मध्ये झेनचा आफ्रिकेतला व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरला घेतला, तो अनेक वर्षे गळ्यातला धोंडा समजला जात होता. पण २०१९ मध्ये एअरटेल आफ्रिका लंडनच्या बाजारात नोंदली गेली आणि आणीबाणीत उपयोगी पडली. २०२१ मध्ये भागधारकांकडून आणखी २१,००० कोटी मागता आले. थोडक्यात, एअरटेलकडे थांबायची ऐपत होती. ब्रिटनच्या व्होडाफोनने मात्र आपल्या हिशेबात या गुंतवणुकीची किंमत शून्यावर आणली. त्यांचे कारणही समजण्यासारखे आहे. २००७ च्या खरेदीवर आयकर खात्याने त्यांच्याकडे अकरा हजार कोटींहून अधिक मागितले होते. जानेवारी २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात जिंकले आणि काही महिन्यांत अर्थसंकल्पाने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो सप्टेंबर २०२० मध्ये, आणि तो कायदा मागे घेतला गेला २०२१ मध्ये. अशा अनुभवानंतर लंडनचे संचालक मंडळ पुन्हा चेक फाडेल, अशी अपेक्षा कुणी करू नये.

कुमार मंगलम बिर्लांनी जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांना पत्र लिहून कळवले की, कंपनी चालवू शकेल अशा कोणत्याही सरकारी किंवा देशी संस्थेला मी माझा हिस्सा द्यायला तयार आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. सप्टेंबरमध्ये सरकारने मदतीची योजना आणली: चार वर्षे हप्ते लांबणीवर, पुढच्या काळासाठी एजीआरच्या व्याख्येतून बिगर दूरसंचार उत्पन्न वगळले, आणि व्याजाचे समभाग करण्याची मुभा. म्हणजे कंपन्या सोळा वर्षे जे म्हणत होत्या ते मान्य झाले, पण पुढच्यासाठी. जुने तसेच राहिले. २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या व्याजाचे समभाग होऊन सरकार पहिल्यांदा भागधारक झाले.

ताळेबंदातली सर्वांत बोलकी ओळ मला वेगळीच वाटते. मार्च २०२५ ला सरकारची देणी सुमारे दोन लाख कोटींच्या घरात होती आणि बँकांचे कर्ज अडीच हजार कोटींच्याही आत. बँका उभ्याच राहत नव्हत्या, कारण पुढे सरकार किती मागेल हे त्यांना कळत नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने बाजारातून ११ रुपये भावाने १८,००० कोटी उभे केले; तोवरची ती देशातली सर्वांत मोठी ‘एफपीओ’, म्हणजे आधीच नोंदलेल्या कंपनीने जनतेला पुन्हा केलेली समभागविक्री, होती. त्यात पैसे घातलेल्या छोट्या गुंतवणूकदाराला वर्षभरात काय मिळाले, ते पहिल्या परिच्छेदातल्या सात रुपयांवरून समजेल.

मनोऱ्यांची बाजू तर विचित्रच आहे. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. प्रत्येकाने वेगळा मनोरा कशाला उभा करायचा, हा शहाणपणाचा विचार. पुढे पैशाच्या गरजेपोटी आयडियाचा हिस्सा विकला गेला, मग व्होडाफोननेही विकला, आणि इंडस ही एअरटेलची उपकंपनी झाली. आता व्होडाफोन आयडिया आपल्या मनोऱ्यांचे भाडे प्रतिस्पर्ध्याच्या कंपनीला देते.

या भाड्याबरोबर विजेचे आणि डिझेलचे बिलही येते, आणि इथे पर्यावरण या शब्दाचा साधा अर्थही हिशेबात शिरतो. ग्रामीण भागात वीज गेली की मनोरा जनरेटरवर चालतो. सरकारने जानेवारी २०१२ मध्ये आदेश काढला, की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे आणि शहरी भागातले २० टक्के मनोरे सौर किंवा तत्सम ऊर्जेच्या जोडीवर आणा. ती मुदत पाळली गेली नाही. २०१२ मध्येच १ सप्टेंबरपासून मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मापाच्या एक दशांशावर आणली गेली. मनोऱ्याची ताकद कमी केली की मनोरे जास्त लागतात. पण मुंबईतल्या सोसायट्या गच्चीवरचा मनोरा काढायला लावतात आणि त्याच सोसायटीतून कॉल तुटल्याची तक्रार जाते. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाईचा ‘ट्राय’चा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला, ते बरेच झाले.

जानेवारी-मार्च २०२५ च्या तिमाहीत दर ग्राहकामागे महिन्याचे उत्पन्न एअरटेलला २४५ रुपये, जिओला २०६ आणि व्होडाफोन आयडियाला १७५ होते. ग्राहक विलीनीकरणाच्या वेळच्या निम्म्यावर, वीस कोटींच्या आसपास. इतरांनी ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केले, हिने मुंबईत सुरू केले मार्च २०२५ मध्ये. ग्राहकामागच्या उत्पन्नातली सत्तर रुपयांची ही दरी भरायची तर जाळे सुधारायला हवे, जाळ्याला पैसा हवा, आणि पैसा देणारा हप्त्यांचे वेळापत्रक विचारतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला थकबाकीचा फेरविचार करण्याची मोकळीक दिली. म्हणजे चेंडू पुन्हा त्याच मैदानात.

सरकारचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. खासगी कंपन्या दोनच उरल्या तर जुलै २०२४ सारखी दरवाढ दर वर्षी होईल, हे दिल्लीला कळते, म्हणूनच तिसरी कंपनी जगवायची धडपड आहे. पण ४८.९९ टक्के घेऊन कारभार प्रवर्तकांकडे ठेवायचा आणि देणीही उभी ठेवायची, ही मधली अवस्था सर्वांत वाईट. सरकारने दंड आणि दंडावरचे व्याज कायमचे सोडावे, मुद्दल वसूल करावे आणि आपला हिस्सा कोणत्या वर्षापर्यंत विकणार ते जाहीर करावे. ते करायचे नसेल तर सरळ ५१ टक्के घेऊन बीएसएनएलशी जोडावे आणि त्या निर्णयाची जबाबदारी संसदेत घ्यावी.